धरणाच्या दोन अंगांना

(बालाघाट येथे मराठी भाषकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागातील सभेत वक्त्याने प्रथम १ नोव्हेंबर १९५६ ची आठवण करून द्यावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो आम्ही थोडक्यात पाळतो. त्या दिवशी जुन्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. आणि १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बनविलेला हा बालाघाट जिल्हा, त्यातील मराठी गावांसह, नव्या मध्यप्रदेशात राहिला. हे शल्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. आज मात्र आम्हांस दुसऱ्याच एका सीमेविषयी बोलावयाचे आहे. ती नकाशावर दाखवीत नाहीत. ती धरणाच्या भिंतीने पडते. भिंतीच्या एका अंगास ज्यांची घरे बुडतात ते राहतात आणि दुसऱ्या अंगास ज्यांची शेते भिजतात, ज्यांचे दिवे लागतात ते राहतात.

आपला जिल्हा नद्यांनी वेढलेला आहे. बाघ नदी आपल्याला गोंदियापासून वेगळे करते, बावनथडी भंडाऱ्यापासून. नदी सीमा झाली की तिच्यावरचे धरण दोन सरकारांचे होते. बावनथडीवरील धरणाचे पाणी भंडारा आणि बालाघाट दोघांच्याही शेतीसाठी आहे. ते काम किती दशके रेंगाळले हे कटंगीकडील शेतकऱ्यांस आम्ही सांगावयास नको. परंतु विजेचा प्रश्न ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल त्याने थोडे पश्चिमेस, पेंच नदीकडे पाहावे. पेंचचे पाणी कन्हानमार्गे शेवटी आपल्या वैनगंगेसच मिळते, तेव्हा ती काही परकी नदी नव्हे.

पेंचविषयी दोन राज्यांत १९६४ साली करार झाला. त्यातून तोतलाडोहचे धरण व १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. विजेची वाटणी दोन भाग मध्यप्रदेशास आणि एक भाग महाराष्ट्रास अशी ठरली. पाणीही मोजून वाटले गेले. हिशेब चोख आहे. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी आपापल्या राज्याचे हित दक्षतेने पाहिले, यात आम्हांस शंका नाही. परंतु या वाटणीत तिसरा पक्ष नाही. ज्या माणसांच्या पायांखालच्या जमिनीवर ते पाणी चढणार होते, त्यांना करारात कोठेही स्थान नव्हते. दोन भावांनी वडिलांचे शेत वाटून घ्यावे आणि शेतात राहणाऱ्या सालदारास विचारूही नये, तसे हे झाले.

पुढे काय घडले? जलाशयाच्या भोवती राष्ट्रीय उद्यान होते. पूर्वी त्या रानात राहणाऱ्या व तेथून उठविल्या गेलेल्या आदिवासींना त्याच पाण्यात मासे धरण्यासाठी मध्यप्रदेश शासनाने ३०५ परवाने दिले, तेव्हा वन्यजीवांच्या रक्षणासाठी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, परंतु अटी घातल्या: छायाचित्र असलेले ओळखपत्र, काठावर चूल पेटविण्यास बंदी, येणाऱ्याजाणाऱ्याची रोजची नोंद. न्यायालयाने पोट आणि वाघ या दोहोंचा विचार केला. त्यास आम्ही दोष देत नाही. पण चित्र कसे आहे ते डोळ्यांसमोर आणा. काल ज्या डोहात आजोबा गळ टाकीत होते, त्याच डोहात आज नातवाने ओळखपत्र दाखवून उतरावयाचे! त्या डोहातून निघालेल्या विजेस कोणी ओळखपत्र विचारीत नाही.

आता येथे कोणी आमच्याच गोटातील गृहस्थ म्हणतील की, हे सर्व सीमेचे दुष्परिणाम आहेत. विलीनीकरण होऊ द्या, मराठी राज्यात असे घडणार नाही. चळवळीच्या व्यासपीठावरून सत्य सांगावयाचे तर, मराठी राज्यातही असेच घडले आहे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पां. म. बापट 'सेनापती' झाले ते त्याच लढ्यात. राज्य इंग्रजांचे होते हे खरे. पण वीज हवी असलेल्या मुंबईने आणि नुकसानभरपाई घेऊन वाद मिटवू पाहणाऱ्या पुण्यातील काही सावकारांनी मराठीतच व्यवहार केला. कोयनेच्या वेळी तर सबब सांगावयास इंग्रजही उरला नव्हता. कोयनेच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. धरण पुरे होऊन अर्धे शतक उलटल्यावर, २०१८ साली, त्यांच्या वंशजांना कोयनानगरास ठिय्या देऊन बसावे लागले. ते मराठी राज्यात, मराठी मंत्र्यांच्या दारी बसले होते.

हे आम्ही विलीनीकरणाची मागणी सैल करण्यासाठी सांगत नाही. ती मागणी आमची आहे आणि राहील. परंतु जो हक्क मुंबईस गेल्यावर मागावयाचा, तो भोपाळकडे आज मागता येतो. आणि आज न मागितला तर उद्या मागण्याचे तोंडही राहत नाही. नर्मदेवरील बरगीचा अनुभव आपल्या शेजारचा आहे. तेथे प्रारंभी १०१ गावे बाधित होतील असे सांगितले गेले, पाणी भरल्यावर ती १६२ निघाली. मोजणीच्या वेळी जो गप्प बसला, तो पाणी आल्यावर बोलला. तोवर विचारणारा अधिकारी बदलून गेला होता.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत की, त्या येथील प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखविल्या पाहिजेत. पहिली, संपादनाची सूचना पंचायतीत 'स्थानिक भाषेत' लावावी लागते. लांजी वा कटंगीकडील ज्या गावांत घरोघर मराठी व पोवारी बोलतात, तेथे स्थानिक भाषा कोणती, हे राजधानीने ठरवावयाचे नाही. बैहरच्या गोंड गावांनी गोंडी मागितली तर आम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहू. भाषेचा न्याय आपल्यापुरता मागणे शोभत नाही. दुसरी गोष्ट मासेमारीची. सिंचन व जलविद्युत प्रकल्पांतील बाधित कुटुंबांना जलाशयात मासेमारीचा हक्क 'देता येईल' असे कायदा म्हणतो. 'द्यावा लागेल' असे म्हणत नाही. एका क्रियापदात ढीमरांच्या किती पिढ्या अडकल्या आहेत, ते पाहा! ते क्रियापद बदलून घेणे हे वकिलांचे काम नव्हे, ते मतदारांचे काम आहे. ज्या नदीच्या दोन्ही काठांवर धरणग्रस्त आहेत, तेथे पुनर्वसनाची मोजपट्टीही एकच असावी, आणि दोन राज्यांच्या प्रत्येक नव्या करारावर त्या गावांच्या ग्रामसभांचे ठराव जोडलेले असावेत, ही मागणी आम्ही दोन्ही राजधान्यांकडे एकाच मजकुराने पाठविणार आहो.

त्यासाठी आपणांकडून एकच साहाय्य हवे. ज्यांच्या घरी भूसंपादनाच्या जुन्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, मोजणीचे नकाशे असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. बुडालेल्या गावांची नावे, पिंपळाच्या पारापासून स्मशानापर्यंतच्या जागा, वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्याव्यात. कागद घरीच ठेवा, आम्हांस नकल पुरे. आणि नकल करताना मागची बाजूही करा, कारण तारीख व शिक्का पुष्कळदा तेथेच असतो.