सकाळचा तास कुणाचा?

(८ मार्चच्या निमित्ताने बेल्हे इथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण पाणी, रेशन, दारू, घरातली मारहाण या विषयांवर बोललो. त्यानंतर मी धावण्यावर बोलायला उभी राहिले म्हणून काहीजणींना हसू आलं असेल. मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्यासुद्धा, "दिवसभर धावतोच की आम्ही, आणखी कशाला धावायचं?"

मावशींचा प्रश्न अगदी खरा आहे. सरकारनं २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड ताससुद्धा नाही. शेतावरचं, मजुरीचं काम याच्याशिवाय. मग बाईनं धावायला वेळ आणायचा कुठून?

पण ही झाली धावपळ. धावपळीत वेग दुसऱ्यानं ठरवलेला असतो. नळाला पाणी आलं की पळा, एसटी आली की पळा, सासऱ्यांनी हाक मारली की पळा. धावताना वेग माझा असतो, वाट माझी असते, थांबायचं कधी तेही मीच ठरवते. दोन्हीत पायच हलतात, पण फरक मोठा आहे. गेली सहा वर्षं मी धावते आहे, आज माझं वय बावन्न आहे. त्या अनुभवावरून हे सांगते.

बाईच्या धावण्याच्या कोणत्या गोष्टींचं आपण कौतुक करतो, ते जरा आठवून पाहा. हिरकणी रायगडाचा कडा उतरली, कशासाठी? घरी तान्हं बाळ होतं म्हणून. बारामतीच्या लता भगवान करे साठी उलटल्यावर नऊवारी नेसून अनवाणी पायांनी तीन किलोमीटरची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. कशासाठी? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर पुढे २०२० साली चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. या बायकांचं मोल मला कमी करायचं नाही. पण यातून समाज काय शिकवतो बघा. बाई बाळासाठी धावली तर माउली, नवऱ्यासाठी धावली तर पतिव्रता. आणि तीच बाई उद्या म्हणाली, "मला बरं वाटतं म्हणून मी माळावर धावून येते," तर? तर ती कामचुकार, नाहीतर हिला भलतंच सुचतंय. मला त्या तिसऱ्या बाईची बाजू मांडायची आहे.

बायकांच्या धावण्याची भीती फक्त आपल्याकडे होती असं नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी ती पुरी केली. तरी वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका रस्त्यात कोसळल्या, हे बघवत नाही. त्या आवईवर ही शर्यत बंद झाली ती १९६० साली पुन्हा आली. १९६७ साली कॅथरिन स्विट्झर बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये उतरली, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानं धावत्या शर्यतीत तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. गर्भाशय खाली येईल, मूल होणार नाही, अशी भीती त्या काळात बायकांना घातली जाई. स्विट्झरनं शर्यत पुरी केली. बोस्टननं बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. गर्भाशय काही कुणाचं खाली आलं नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या गर्भाशयाची काळजी मात्र तेव्हाही कुणाला नव्हती आणि आजही नाही.

आपल्याकडे एक जागा अशी आहे जिथे बाई धावली तरी कुणी हसत नाही. आषाढीच्या वारीत वेळापूरजवळ 'धावा' होतो. पंढरी जवळ आली म्हणून सगळे उतारावरून पळत सुटतात. त्यात डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या आज्या असतात. म्हणजे धावायला ना शरीराची अडचण आहे, ना साडीची. परवानगीची आहे.

आता आपल्या बेल्ह्याचं बोलू. इथे रस्त्याच्या कडेनं मुली धावताना दिसतात, त्या पोलीस भरतीच्या. भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. नोकरी मिळणार म्हणून घरचे पाठवतात, फार चांगलं आहे. पण भरती झाली, नाहीतर लग्न झालं, की ते धावणं तिथेच संपतं. आमच्या सकाळच्या गटात अशी एक सून आहे. लग्नाआधी ती दोन वर्षं सराव करत होती. ती म्हणाली, "ताई, चार वर्षांनी पहिल्यांदा दम लागला आणि मला रडू आलं. दुःखानं नाही हो."

आणि इथे आपल्या तालुक्याचा खास प्रश्न येतो. बाईला स्वतःचा म्हणून वेळ मिळतो तो कधी? घर जागं व्हायच्या आधी, पहाटे पाचला. नाहीतर सगळं आवरल्यावर, अंधार पडल्यावर. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत हीच वेळ बिबट्याची. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. बिबट मादी उसातच पिल्लं घालते. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. त्यामुळे "पहाटे एकटी जाऊ नकोस" हा सल्ला योग्यच आहे. मीही तोच देते.

पण मग जायचं कधी? उजाडल्यावर, साडेसहा-सातला. आणि त्या वेळेला घरात काय चाललेलं असतं? चहा, डबे, पोरांच्या अंघोळी, धारा. म्हणजे बिबट्या टाळायचा तर चुलीपुढचा तास कुणीतरी दुसऱ्यानं उचलायला हवा. बिबट्याचा बंदोबस्त वन खात्याकडे मागता येईल. त्या तासाचा बंदोबस्त घरातच मागावा लागतो, आणि तो जास्त अवघड आहे. आमच्या गटातल्या दोघींनी तो मागितला. एकीचा नवरा आता आठवड्यातून तीन दिवस डबे भरतो. दुसरीच्या घरी महिनाभर अबोला होता. मग सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे तिला, आल्यावर चिडचिड करत नाही." विजय लहान दिसतो, पण बिनपगारी कामाची वाटणी यातूनच सुरू होते.

काही साध्या गोष्टी पाळा. उसाच्या कडेनं जाऊ नका. तिघी-चौघी मिळून, मोठ्यानं बोलत जा. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका, पळणाऱ्याच्या मागे तो लागतो. खाली वाकू नका, हात वर करून उंच व्हा, ओरडा, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. आणि कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर धावायचं टाळा. नाइलाज असला तर उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा.

आता बुटांबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. महाग बूट लागतात का? नाही. पायाला बसणारे लागतात. लहानपणापासून अनवाणी, शेतात चाललेल्या आपल्या बायकांचा पंजा रुंद असतो. बायकांचे म्हणून विकले जाणारे बूट पुष्कळदा पंज्याला अरुंद असतात. अशा वेळी पुरुषांच्या मापातला जोड खुशाल घाला, बुटाला कुठे लिंग असतं! खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून पाहा. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी होतात. टाच आत हलता कामा नये. आणि जोडवी. बुटात ती शेजारच्या बोटाला घासतात, फोड येतात. मी धावताना काढून ठेवते. ज्यांना काढायची नाहीत त्यांनी पट्टी गुंडाळावी. पण जोडवी काढल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सडकेवर धावायचा बूट तळाला सपाट असतो. तो आण्याच्या बाजूच्या मुरमाड माळावर सटकतो. डोंगरवाटेसाठी तळाला खोल खाचा असलेला बूट घ्यावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या दगडावर मात्र कोणताही बूट धरत नाही, तिथे चालायचंच. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळ मेलेला असतो, मग तो जोड शेतात वापरा. मेक्सिकोत रारामुरी जमातीची मारिया लोरेना रामिरेझ २०१७ साली ५० किलोमीटरची डोंगरी शर्यत झगा आणि चपला घालून जिंकली. त्या चपलांमागे तिची लहानपणापासूनची सवय होती. आपली तशी सवय असेल तर चप्पल चालेल, पण बाभळीच्या काट्याचा विचार करा. आणि बुटांपेक्षाही महत्त्वाची असते छातीला आधार देणारी घट्ट चोळी. ती अमेरिकेतल्या तिघींनी १९७७ साली पहिल्यांदा शिवली, तीही पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकत्र जोडून! गरज बायकांची होती, ती बायकांनीच भागवली.

सराव कसा करायचा? पहिल्या दिवशी एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. वेग असा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस पुरे. आमचे मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरले आहेत, सोमवारी बाजार असतो. अंतर एकदम वाढवायचं नाही. आठवड्याला दहावा हिस्सा फार झाला. शनिवारी जरा लांब जायचं, गुळुंचवाडीजवळच्या नैसर्गिक दगडी पुलापर्यंत आणि घाटाच्या अंगानं. चढावर चालायला लाजू नका. डोंगरी शर्यतीतले मुरलेले धावपटूही खड्या चढावर मांडीवर हात टेकवून चालतात. उतारावर पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, नजर चार पावलं पुढे. घरी एका पायावर उभं राहा, टाचा उचला, उठाबशा काढा. बरोबर पाणी, गूळ-शेंगदाणे, चिमूटभर मीठ.

सिंहगड–राजगड–तोरण्याच्या वाटेवर शर्यती होतात, साताऱ्यात २०१२ पासून घाटातली अर्धमॅरेथॉन होते. दहा-बारा किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीला पाच किलोमीटर आरामात धावणाऱ्या बाईला तीन महिन्यांचा सराव पुरतो. आणि आपल्याला दूर जायची गरज काय? चावंड, हडसर, जीवधन आपल्याच तालुक्यात आहेत. दुष्काळी माणमधल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. ती धावायला शिकली ती गावाकडच्या मातीतच.

शरीराबद्दल दोन गोष्टी, ज्या आपण बोलत नाही. एक, रक्त. २०१९–२१ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. चार पावलांत दम लागतो तो आळस नसतो, तो पंक्तीत शेवटी जेवल्याचा परिणाम असतो. दुसरी, धावताना लघवीचे थेंब येणं. बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना हे होतं आणि प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच होतं. लाज धरू नका. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते दिवसातून तीन वेळा आवळायचे-सोडायचे. काही आठवड्यांत फरक पडतो, नाहीतर डॉक्टरांना दाखवा. पाळीत धावलं तर चालतं, नको वाटलं तर घरी बसा. ठरवायचं तुम्हीच.

शेवटी मागण्यांचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायदाच आहे. त्या सभेत आपण तीन ठराव मांडू. शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ बायका-मुलींसाठी उघडं हवं. मैदानावर दिवे आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह हवं. आणि मैदानालगतची झुडपं काढून टाकावीत. ठराव तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्यायचा आणि त्याची प्रत मागायची.

आणि घरातला ठराव प्रत्येकीनं आपापला मांडायचा, आठवड्यातून तीन तासांचा. कुणी विचारलं, "कशासाठी धावतेस?" तर वजन, साखर, रक्तदाब अशी कारणं शोधत बसू नका. पुरुष पारावर तासभर बसतो, त्याला कुणी कारण विचारतं का? "मला आवडतं" एवढं कारण पुरे आहे. येत्या मंगळवारी साडेसहाला, उजाडल्यावर, शाळेच्या फाटकाशी आम्ही उभ्या असू. बूट नसले तरी या. पहिला आठवडा चालूच.