सुगीचे चार आठवडे

दिवाळीचा फराळ संपतो, तुळशीचें लग्न लागतें आणि कोल्हापूरच्या बाजारांत नवा तांदूळ दिसूं लागतो. गृहिणी मूठभर तांदूळ हातावर घेऊन त्याचा वास पाहते, एक दाणा दातांखालीं धरते आणि मग भाव विचारते. नवें धान्य दारांत आलें म्हणजे शेतीचें वर्ष पार पडलें, अशी शहरांत सर्वसाधारण समजूत असते. पाऊस चांगला झाला कीं पीक चांगलें, आणि पीक चांगलें आलें कीं धान्य मुबलक, असा हा सरळ हिशेब आहे. शिवारांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास मात्र तो पटत नाहीं. पीक पिकणें आणि धान्य घरांत येणें या त्याच्या दृष्टीनें दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आणि त्या दोहोंच्या मध्यें जे तीन-चार आठवडे असतात, त्यांतच त्याच्या वर्षाच्या श्रमाचा निकाल लागतो.

हे आठवडे जिल्ह्यांत सर्वत्र एकाच वेळीं येत नाहींत. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांहूनही कमी अंतरावर असलेल्या शिरोळास तो पांचशेच्या आसपास पडतो. एका टोकाला भाताचीं खाचरें आणि डोंगरउतारावरची नाचणी, दुसऱ्या टोकाला काळ्या जमिनींतील सोयाबीन, भुईमूग, जोंधळा व ऊस, अशी पिकांची विभागणी या पावसानेंच केली आहे. भाद्रपद सरतां सरतां पूर्वेकडे सोयाबीन व भुईमूग निघूं लागतात. आश्विनांत हळवें भात कापणीस येतें, पुढें निमगरवें, आणि कार्तिकांत गरवें. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ, ज्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो उशिरां पिकणाऱ्यांपैकींच आहे. म्हणजे सुगी ही एका दिवसाची घटना नसून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जाणारी एक लांबलचक हालचाल आहे.

शेतकरी पाऊस नक्षत्रांनीं मोजतो. हस्ताच्या सरी गरव्या भाताचा दाणा भरण्यास उपयोगी पडतात, म्हणून त्यांची वाट पाहिली जाते. चित्रा संपून स्वाती लागली, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उजाडला, कीं तोच पाऊस वैरी होतो. लोंब्या ओणवतात, पान पिवळें पडतें, आणि लोंबीच्या तळाशीं थोडेच दाणे हिरवट उरतात, तेव्हां विळा घालण्याची वेळ झाली असें जाणता शेतकरी समजतो. त्याहून उशीर केल्यास दाणे झडतात. पण या योग्य वेळींसुद्धां दाण्यांत शेंकडा वीस-बावीस भाग पाणी असतें, आणि साठवणीस तें चौदांच्या वर चालत नाहीं. याचा अर्थ असा कीं, बावीस टक्के ओलाव्याच्या दर क्विंटल भातांतून सुमारें नऊ किलो पाणी बाहेर काढावयाचें असतें. आणि तें काढणारा एकच मजूर, तो म्हणजे कार्तिकांतील ऊन.

म्हणून कापलेलें भात दोन-तीन दिवस शेतांतच पसरून ठेवतात. याच दिवसांत पाऊस आला तर काय होतें, हें शहरांतील माणसाच्या सहसा डोळ्यांसमोर येत नाहीं. लोंबींतला दाणा जागच्या जागीं मोड घेतो. जो मोड घेत नाहीं त्याचा रंग जातो. वाळूं लागलेला दाणा पुन्हां भिजला कीं त्यास आंत सूक्ष्म चिरा पडतात, आणि गिरणींत तो अखंड न राहतां कणी होऊन बाहेर पडतो. वजन तेंच, पण भाव निम्म्यावर येऊं शकतो. त्याखेरीज भाताचें पिंजर काळें पडतें व जनावर त्यास तोंड लावीत नाहीं. एकाच सरीनें माणसाचें अन्न आणि गोठ्यांतील वैरण अशीं दोन्हीं बिघडतात, आणि ज्याची सारी जमीन खाचराची आहे त्यास वर्षांत दुसरें पीक घेण्याची सोय बहुधा नसते.

पूर्वेकडील पिकांची तऱ्हाही फारशी वेगळी नाहीं. सोयाबीनची काढणी लांबली तर शेंगा शेतांतच तडकतात, आणि काढून ढीग घातल्यावर पाऊस आला तर ढिगांत ऊब धरते. उपट्या भुईमुगाच्या शेंगेस पक्व झाल्यावर ओल मिळाली कीं ती जमिनींतच उगवूं लागते. उलट जमीन वाळून कठीण झाली तर शेंगा मातींतच तुटून राहतात. सरकारी आधारभूत खरेदींत सोयाबीनला शेंकडा बारा ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारला ती त्या हंगामापुरती पंधरापर्यंत शिथिल करावी लागली. या तीन टक्क्यांच्या फरकावर किती घरांची दिवाळीनंतरची देणीं अवलंबून असतात, हें बाजार समितीच्या आवारांत तासभर उभें राहिल्यास कळून येईल.

२०१९ चें वर्ष या बाबतींत पुष्कळ शिकवून गेलें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें पंचगंगेला महापूर आला आणि नदीकांठची पिकें पाण्याखालीं गेलीं. तो पूर साऱ्या देशानें पाहिला. माळावरचीं व डोंगराकडचीं शेतें त्यांतून वांचलीं होतीं, आणि शेतकऱ्याची उरलेली आशा त्यांवरच होती. परंतु ऑक्टोबर संपतां संपतां अरबी समुद्रांत प्रथम ‘क्यार’ व मागोमाग ‘महा’ अशीं दोन चक्रीवादळें उठलीं, आणि राज्यभर ऐन सुगींत पाऊस कोसळला. राज्य सरकारनें नोव्हेंबरच्या आरंभीं दहा हजार कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. पुरांत होड्या फिरतात, छायाचित्रें निघतात, मदतीचे ट्रक येतात. भिजलेल्या पेंढीपाशीं बसलेल्या माणसाकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील मक्याचा शेतकरी याच विवंचनेंत होता. तेथें वसंतांत अतिवृष्टि झाल्यानें पेरणी लांबली, शरदही ओला गेला, आणि मका शेतांत ओलाच उभा राहिला. त्या देशांत हंगामभर दर सोमवारीं सरकारी शेतीखातें किती टक्के कापणी उरकली याचे आंकडे जाहीर करतें, आणि बाजार त्यांवर डोळा ठेवून असतो. तेथील मकाही साठवणीसाठीं पंधरा टक्क्यांच्या आसपास वाळवावा लागतो. परंतु तो उन्हावर न सोडतां प्रोपेन वायूवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत वाळवितात. २०१९ मध्यें सर्वांनाच एकदम वाळवण करावयाचें असल्यानें तो वायूच अपुरा पडला. उत्तर डकोटा राज्यांत तर बराचसा मका बर्फांत उभा राहून पुढच्या वसंतांत कापला गेला. शेंकडों एकरांचा धनी आणि वीस गुंठ्यांचा धनी या दोघांनाही ओल्या शरदानें एकाच पंक्तीला बसविलें. फरक एवढाच कीं, एकापाशीं वाळवणीचें यंत्र होतें व त्याचें इंधन अपुरें पडलें. दुसऱ्यापाशीं आकाशाकडे पाहण्यावांचून दुसरें साधनच नव्हतें.

एके काळीं या अडचणीवर गांवानें आपल्या परीनें तोड काढली होती. घरटीं खळें असे. तें चोपून, शेणानें सारवून, मध्यें तिवडा रोवून बैलांची पात धरीत. एकाच्या कापणीला दुसऱ्यानें आणि दुसऱ्याच्या कापणीला पहिल्यानें जावयाचें, हा पैरा मजुरीच्या पैशावांचून चाले. आभाळ भरून आलें तर सारी आळी एकाच्या शेतांत उतरून पेंढ्या हलवी. आज मळणीयंत्रानें दहा दिवसांचें काम कांहीं तासांवर आणलें आहे, आणि सपाट भागांत एका दमांत कापणी-मळणी करणारीं मोठीं यंत्रेंही फिरतात. हा लाभ मोठा आहे. पण तीं यंत्रें डोंगरांतील पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत चढत नाहींत. शिवाय यंत्रानें मळलेला दाणा ओला तो ओलाच हातीं येतो. खळें बुजलें, अंगणें आक्रसलीं, आणि मग भात व सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरलें जातें. तेथें वाहनांची भीति आहेच. त्याशिवाय तापलेल्या डांबरावर भात एकदम वाळलें कीं दाण्यास पुन्हां त्याच चिरा पडतात. हळूहळू, पातळ थरांत, वरचेवर हात फिरवून वाळविणें हेंच खरें वाळवणें होय.

याच सुमारास साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटतात आणि गुऱ्हाळांवर काहिली चढते. गांवचा ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला जुंपला जातो. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी शिवारांत उभ्या राहतात. आणि भाताच्या पेंढ्या वाहण्यास माणूस मिळेनासा होतो. उसालाही पावसाचा त्रास आहे. फडांत चिखल झाला कीं गाड्या रुततात व तोड थांबते. तरी ऊस भिजला म्हणून कोंब फुटून एका रात्रींत वायां जात नाहीं. शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें आणि पुढें पाणी बारमाही झालें. त्या पाण्यानें उसाला आधार दिला. आतां ज्यास पाणी आहे तो धान्याची ही जोखीम कशास घेईल? तो ऊस लावतो. धान्य उरतें तें बहुतांशीं ज्यास पाणी नाहीं, ज्याचें शेत उतारावर आहे आणि ज्यास एका सरीचें नुकसानही पेलवत नाहीं, अशांच्या वांट्याला. नाचणीचें गुणगान करण्यासाठीं २०२३ हें वर्ष जगभर भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळण्यांत आलें. परंतु नाचणीचें एकेक कणीस विळ्यानें खुडून तें कोरडें घरीं नेणाऱ्या हातांची गणति त्या गुणगानांत क्वचितच झाली.

सुगी लांबली कीं पुढचा हंगामही लांबतो. पीक निघाल्यावर जमिनीला वापसा यावा लागतो, म्हणजे ओल हवी पण चिखल नको. तो साधला तरच जोंधळा, हरभरा व गहू वेळेवर पेरतां येतात. ओल उडून गेल्यावर पेरलेला हरभरा नीट उगवत नाहीं, आणि उशिराच्या गव्हाला दाणा भरण्याच्या सुमारास उन्हाची झळ लागते. म्हणून सुगींतला एक आठवडा गमावला तर त्याची किंमत दोन हंगामांत मोजावी लागते.

यावर उपाय फार मोठे नाहींत. गांवोगांव एक पक्कें सामाईक खळें, त्यावर उघडी पण छप्पर असलेली शेड, चांगल्या ताडपत्र्या, ओलावा मोजण्याचें एखादें लहानसें यंत्र, आणि साऱ्या खाचरांत एकाच वेळीं पिकणारें वाण न लावतां हळव्या-गरव्याची वांटणी करण्याची जुनी शहाणीव. एवढ्यानेंही पुष्कळ दाणा वांचेल. धरणास जितकें महत्त्व मिळतें त्याच्या शतांश जरी या खळ्याला मिळालें, तरी पिकलेलें धान्य घरीं पोंचण्याची वाट सुकर होईल.

तोंवर शिवारांतील म्हातारी आपल्या जुन्या परीक्षेवर विसंबून राहील. वाळत घातलेल्या भातांतला एक दाणा ती दातांखालीं धरते. तो दबला तर पुन्हां पसरावयाचें. कट्‌कन्‌ वाजला तर कणगींत भरावयाचें. बाजारांतील गृहिणीही तीच परीक्षा करते, पण तिच्यापर्यंत येणारा दाणा या परीक्षेंतून आधींच उतरलेला असतो. एखाद्या वर्षीं सुपांत कणी जास्त निघाली, तर व्यापाऱ्याला बोल लावण्यापूर्वीं तिनें एवढें आठवावें कीं, त्या वर्षीं स्वातींत कोठेंतरी पाऊस पडला होता, आणि कोणीतरी रात्रीं कंदील घेऊन पेंढ्या हलवीत होतें.