‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून देऊ नका

(रायपूर इथे पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं मराठी घरातलं आहे. आजोबा भंडाऱ्याकडून राजनांदगावच्या गिरणीत आले, तेव्हापासून आम्ही घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी बोलत आलो. मधेच एखादा हिंदी शब्द आला तर सांभाळून घ्या. विद्यापीठं संशोधक विद्यार्थ्याला बाहेर कशी काढतात आणि त्यावर दाद कशी मागायची, यावर मला बोलायला सांगितलं आहे. मी काही वकील नाही. मला बाहेर काढलं होतं, एवढीच माझी पात्रता. आणि खरं सांगायचं तर काढलंसुद्धा नव्हतं. मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

२०१८ सालची गोष्ट. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. पीएचडीचं तिसरं वर्ष. माझे गाईड निवृत्त झाले आणि मला दुसऱ्यांकडे दिलं. नव्या सरांनी कधी आवाज चढवला नाही, जातीवरून एक शब्द काढला नाही. फक्त माझ्या सहामाही प्रगती अहवालावर त्यांची सही होईना. ‘ठेवून जा, बघतो.’ सही नाही म्हणून फेलोशिपचा कागद पुढे जात नव्हता. फेलोशिप नाही म्हणून खोलीचं भाडं थकलेलं. त्यात आईचं ऑपरेशन निघालं आणि माझं एक प्रेझेंटेशन चुकलं. मी तोंडी सांगून गेले होते. तोंडी.

परत आले तेव्हा ऑफिसातल्या बाबूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तोपर्यंत त्या ऑफिसात मला कुणी खुर्ची दिली नव्हती. म्हणाले, बेटा, वरून नोंदणी रद्द करायचं चाललंय. रद्द झाली तर रेकॉर्ड खराब होईल, पुढे कुठे प्रवेश मिळणार नाही. त्यापेक्षा ‘वैयक्तिक कारणास्तव नोंदणी मागे घेते’ असं लिहून द्या, गोष्ट इथंच संपेल. कोरा कागद त्यांचा, पेनही त्यांचाच. मी लिहिलं, सही केली, आभारही मानले. वीस मिनिटंही लागली नाहीत.

दोन महिन्यांनी शुद्धीवर आले तेव्हा कुलगुरूंकडे चार पानी अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं. आपण स्वेच्छेनं नोंदणी मागे घेतली असल्यानं अपिलाचा प्रश्न येत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच होतं. अपील कशावर करतात? आदेशावर. माझ्याविरुद्ध आदेशच नव्हता. ज्या कागदावर माझी पीएचडी संपली, त्यावर सही माझी होती.

आज तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. आपल्यातल्या किती जणांना विद्यापीठानं काढलं याचा हिशेब कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाही, कारण त्यातले बरेच जण ‘स्वतःहून गेले’ म्हणून नोंदले आहेत. घरी तरी काय सांगतो आपण? जमलं नाही. बापाला वाटतं, पोरीला अभ्यास झेपला नाही.

नियम काय म्हणतो ते ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे २०२२ चे विनियम आहेत. संशोधकानं दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपलं काम मांडायचं. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीनं त्याची कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपाय विद्यार्थ्यानं पाळले नाहीत, तर मग समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते, तीही ठोस कारणं देऊन. म्हणजे पहिलं पाऊल रद्द करणं नाहीच. आधी कारण, मग उपाय, मग वेळ. माझ्या वेळच्या नियमांतही हेच होतं, मला माहीत नव्हतं. मुदतही माहीत असू द्या. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ‘तुझी वेळ संपली’ असं कुणी म्हणालं की आधी बोटांवर मोजा.

आता आदेश निघाला तर काय होतं ते बघू. रामदास शिवानंदन हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. केरळचा दलित संशोधक, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये पीएचडी करणारा. दिल्लीतल्या मोर्चातला सहभाग आणि सोशल मीडियावरची पोस्ट अशी कारणं दाखवून एप्रिल २०२४ मध्ये संस्थेनं त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, आवारात यायला बंदी केली. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. मग सर्वोच्च न्यायालय. मे २०२५ मध्ये त्यांनी निलंबनाचा काळ भोगून झालाय तेवढ्यावर आणला आणि पीएचडी पूर्ण करायची वाट मोकळी केली.

यात आनंदानं नाचण्यासारखं फार नाही. आदेश रद्द झाला नाही, शिक्षा कमी झाली. वर्षाहून जास्त काळ गेला तो गेलाच. पण तो परत आत जाऊ शकला, कारण त्याच्याकडे तारीख घातलेला, कारणं लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद होता आणि तो कागद तीन ठिकाणी भांडण्यासारखा होता. माझ्याकडे माझंच अक्षर होतं.

आणि कागदावर ‘काढलं’ असं न लिहिताही काढता येतं. रोहित वेमुलाला आणि त्याच्या चार साथीदारांना हैदराबाद विद्यापीठानं पीएचडीतून काढलं नव्हतं. वसतिगृहातून काढलं, सार्वजनिक जागांवर बंदी घातली. वर्गात जायची परवानगी होती म्हणे. ज्याचं शहरात घर आहे त्याला वसतिगृह गेल्यानं गैरसोय होते. आपल्याला वसतिगृह गेलं की पदवी जाते. त्यात त्याची सात महिन्यांची फेलोशिप अडकलेली होती. १७ जानेवारी २०१६ ला काय झालं ते मी इथं पुन्हा सांगत नाही. एवढंच म्हणते की मेस, खोली, फेलोशिप, गाईडची सही यांतलं काहीही थांबलं तर ते ‘प्रशासकीय’ समजून गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी विचारा.

बाबासाहेबांनाही शिक्षण मधेच सोडावं लागलं होतं. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवायची परवानगी मिळवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, कर्ज काढलं आणि १९२० साली परत गेले. तिथंही रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला. तो पुन्हा लिहून १९२३ साली त्यांनी डीएस्सी मिळवली. आम्ही लहानपणापासून त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट ऐकली, ती ऐकून रात्र रात्र जागलो. निघताना परतीचं दार उघडं ठेवून निघायचं असतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. मला सहा महिन्यांची रजा मागता आली असती. मी थेट दारच लावून घेतलं.

आता दाद कुठं मागायची. आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम सगळ्या उच्च शिक्षण संस्थांना लागू आहेत. नियमाविरुद्ध केलेली कारवाई, मूल्यमापनातला अन्याय, अडवलेली शिष्यवृत्ती, जातीवरून भेदभाव, हे सगळं ‘तक्रार’ या शब्दात येतं. तक्रार ऑनलाइन करता येते. ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते, समितीनं कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील. लोकपालानं तीस दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे. सुनावणीला स्वतः जा किंवा प्रतिनिधी पाठवा, दोन्हीची सोय आहे. खोटी तक्रार ठरली तर तक्रार करणाऱ्यावर कारवाईची शिफारस होऊ शकते, म्हणून जे सिद्ध करता येईल तेच लिहा.

या समित्यांवर माझा फार भरवसा आहे असं समजू नका. समितीत प्राध्यापक त्याच संस्थेचे. विद्यार्थी प्रतिनिधी असतो, पण निमंत्रित म्हणून. एससी, एसटी किंवा ओबीसी असा किमान एक सदस्य असावा असा नियम आहे, आणि तो एक जण किती बोलू शकतो हे तुम्ही बैठकांत बघितलंच असेल. तरीही तिथं जायचं. कारण पुढे बिलासपूरला उच्च न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न येईल, आतले उपाय वापरले का? न्यायालय गुण वाढवून देत नाही, गाईड बरोबर की तुम्ही हे सहसा ठरवत नाही. ते बघतं तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळाली का, नियमाची पायरी पाळली का. एकसारखी चुकीची उत्तरं लिहिली म्हणून तीन मुलांचे निकाल न विचारता रद्द केले होते, तेव्हा १९६२ साली घनश्याम दास गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तो याच मुद्द्यावर. आणि वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार एससी, एसटी आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अपिलात काय लिहायचं? मी चार पानं दुःख लिहिलं होतं. खरं होतं, पण त्यात सात ठिकाणी ‘वारंवार विनंती करूनही’ होतं आणि एकही तारीख नव्हती. तुम्ही दहा रुपये भरून माहिती अधिकारात आपल्या फाइलची प्रत मागा, समितीचं इतिवृत्त मागा. गाईडशी फोनवर बोलणं झालं की संध्याकाळी नम्र मेल टाका, ‘सर, आज आपण असं म्हणालात.’ माफीनामा लिहून दे, मिटवू, असं कुणी म्हणालं तर घरी घेऊन जा, कुणाला तरी दाखवा. तो उद्या तुमची कबुली म्हणून फाइलला लागू शकतो.

मी पुन्हा सुरुवात केली. दुसरं विद्यापीठ, पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा कोर्सवर्क. आज अतिथी व्याख्याता आहे, तासावर पैसे मिळतात. गेल्या वर्षी एका सतनामी घरातल्या मुलाचा फोन आला. त्यालाही खुर्ची मिळाली होती, पाणी मिळालं होतं. मी म्हटलं, पाणी पी, सही करू नको, त्यांना म्हण जे असेल ते लेखी द्या. पंधरा दिवसांनी आदेश आला. तो रडत होता, मी मात्र बरं झालं म्हणाले. समितीनं त्याचं ऐकलं नाही. लोकपालाकडे अपील आहे, तीस दिवस कधीच उलटलेत, त्याचंही स्मरणपत्र दिलं आहे. तो आजही नोंदवहीत सही करून ग्रंथालयात बसतो. काय होईल ते मला माहीत नाही.

चहा झाल्यावर मी मागच्या टेबलाशी बसणार आहे. कुणाकडे नोटीस, मेल, मेमो काही असेल तर घेऊन या. मूळ कागद माझ्याकडे देऊ नका, बाहेर झेरॉक्सचं दुकान उघडं आहे. आणि ज्यांना आजच कुठंतरी सही करायला बोलावलंय, त्यांनी चहाच्या आधी या.