शर्यत होड्यांची, काम काठावरचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी रिठद येथे दिलेले भाषण)



रिठदला उभे राहून समुद्रातल्या होड्यांविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, तळे, आणि पावसाळ्यात पैनगंगेच्या पुराच्या बातम्या. पण कोकणातली नारळी पौर्णिमा झाली की पंधरा दिवसांनी आपला पोळा येतो, आणि हे दोन्ही सण एकाच कुळातले आहेत. आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, शिंगे रंगवतो, झूल घालतो. कोळी पावसाळाभर झावळ्यांखाली ओढून ठेवलेली होडी मोकळी करतो, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरतो (त्यातला थोडा आपल्या वऱ्हाडचाही असेल!), तिला रंग देतो आणि फुले बांधून पूजा करतो. आपला शंकरपट, तशी त्यांची होड्यांची शर्यत.

मालवणला त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून पहिला मानाचा नारळ सागराला अर्पण होतो. ही चाल शिवकाळापासूनची असे तिथे सांगतात. मग बंदरावर सारे गाव लोटते. नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. एकीने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर मारायचे. ज्याचा फुटेल तो हरला. ‘एकीने’ म्हणते, कारण पूर्वी पुरुषांचा असलेल्या या खेळाच्या आता तिथे बायकांच्याही स्पर्धा होतात. घरोघर नारळीभात असतोच.

शिडाच्या होड्यांची शर्यत मात्र नुसत्या उत्साहावर लागत नाही. तिचे पहिले पंच म्हणजे भरती-ओहोटी. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात, आणि ती रीत आपल्यालाही सहज जमेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. त्या सुमारास भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. बंदराबंदरात थोडा फरक पडतो, पण अंदाज पक्का. त्यातून पौर्णिमेचे उधाण मोठे असते. ओहोटी लागली की खाडीचे पाणी समुद्राकडे ओढते, आणि अशा वेळी वारा पडला तर शिडाची होडी त्या ओढीबरोबर बाहेर जाऊ लागते. शिवाय शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. डावीकडे-उजवीकडे वळणे घेत तिला पुढे सरकावे लागते. जाताना अर्धा तास लागला तर येताना दुप्पटही लागेल. म्हणून पाहुण्यांची मोटार उशिरा आली या कारणाने शर्यत तासभर पुढे ढकलणे म्हणजे तरुण पोरांना ओहोटीच्या हाती देणे होय. हारतुरे मागाहूनही घालता येतात.

काठावर एक वही असावी लागते. होडीचे नाव, तांडेलाचे नाव, बरोबरचे खलाशी किती. निघताना लिहायचे, परतल्यावर मोजायचे. शेवटची होडी लागेपर्यंत वही मिटायची नाही आणि बक्षीसही वाटायचे नाही. मदतीला यंत्राची एक होडी पाण्यात तयार ठेवायची. आणि वारा बिघडला तर ‘आज शर्यत नाही’ असे कोण म्हणणार, ते आदल्या दिवशीच ठरवायचे. ऐन वेळी हजारो लोक जमल्यावर ते म्हणायला फार मोठी छाती लागते.

मोजणीचे मी इतके का सांगते? सांगलीला कृष्णेच्या पात्रात वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती मोठ्या हौसेने होतात. त्याच जिल्ह्यात, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, ब्रह्मनाळ गावी पुरातून माणसे हलवणारी होडी उलटली. होडीला पेलतील त्याहून अधिक माणसे तीत बसली होती. बुडालेल्यांत बायका आणि लेकरे होती. ती शर्यत नव्हती, जिवाची घाई होती, हे खरे. पण ‘आता पुरे, पुढच्या फेरीला’ असे म्हणणारा माणूस दोन्हीकडे लागतो.

हे म्हणणे बायकांना चांगले जमते, असे माझे मत आहे. कोळ्यांच्या घरात मासळी पुरुष आणतो, पण ती विकते कोळीण आणि पैसाही तीच सांभाळते. ज्यांचे नवरे आणि मुले पाण्यावर जातात, त्यांनी काठावर नारळीभात वाढायचा आणि शर्यत केव्हा सोडायची ते मात्र दुसऱ्यांनीच ठरवायचे, हे मला पटत नाही. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. गावच्या उत्सवाच्या बैठकीत मात्र आपल्याला बोलावणे येते ते पोळ्या लाटायला. पोळ्याच्या गर्दीत उधळलेल्या बैलापुढे लहान मूल सापडू नये म्हणून दोर कुठे बांधायचा, हे कोणी आपल्याला विचारले आहे काय?

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदा पोळ्याच्या आधी गावची बैठक बसेल, तेव्हा आपल्यातल्या तिघींची नावे मंडळाने लेखी पाठवावीत. एकीकडे जमाखर्च, दुसरीकडे मुलांच्या उभे राहण्याची जागा, आणि तिसरीकडे गर्दी वाढली तर तोरण तोडण्याआधी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार. स्वयंपाकाचे आपण नेहमीप्रमाणे पाहूच. पण ही नावे आजच, चहा होण्यापूर्वी, ठरवावीत अशी माझी विनंती आहे.