बरणीतले चिंचोके

(नवापूर तालुक्यातील शिक्षक, पालक आणि वसतिगृह सेवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांनी जास्त वाचावं म्हणून शाळेने मिळून काय करावं, यावर मला बोलायला सांगितलं आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी पाड्यावरच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात मी भिंतीवर एक तक्ता लावला. त्यावर प्रत्येक मुलाचं नाव, आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी. पहिल्या तिघांना बक्षीस. पहिला आठवडा मुलं पुस्तकांवर तुटून पडली. महिन्याभरात चार नावांपुढे चांदण्यांची रांग लागली. त्यातल्या एकाने नुसती पानं उलटून चांदण्या मिळवल्या होत्या, हे नंतर कळलं. पाचवीतल्या एका मुलीच्या नावापुढे मात्र काहीच नव्हतं. ती जोडाक्षराला अडायची. पुढे ती वर्गाला यायचीच थांबली. मी घरी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "सर, तिला लाज वाटते. येणारा-जाणारा तो कागद बघतो."

तो कागद मी माझ्या हाताने लावला होता.

त्या रात्री प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढला. राणीच्या खजिन्यावरचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो आहे. हुद्द्याचा, शिकलेला माणूस. तरी वाचलेलं त्याला उमगत नाही, आणि कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार, असं तो मोकळेपणी कबूल करतो. तो मोठ्याने वाचत होता म्हणूनच फिलिप्पाला ऐकू गेलं. फिलिप्प एक प्रश्न विचारतो, पण उत्तर ऐकून निघून जात नाही. रथात चढतो आणि त्याच्या शेजारी बसतो. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी हा अध्याय मी अभ्यासला होता. माझ्या वर्गात मात्र मी प्रश्न विचारून निघून जाणाऱ्यांतला झालो होतो.

आपली मुलं घरी मावची बोलतात, कोणी भिली बोलतात. मराठी पुस्तकातलं अक्षर त्यांना ओळखता येतं, पण तो शब्द घरात कधी कानावर पडलेला नसतो. अशा मुलाला नुसतं "वाच, वाच" म्हणून भागत नाही. कोणीतरी शेजारी बसावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावं, हे त्यांनी करून दाखवलं.

गेल्या वर्षी आम्ही तक्ता काढून टाकला आणि लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली. सगळ्या वर्गाचं मिळून एकच ध्येय ठरवलं, वर्षाला 1,000 चिंचोके. नियम तीन. पुस्तक संपलं की एक चिंचोका. लहानाला वाचून दाखवलं तर वाचणाऱ्याचा एक आणि ऐकणाऱ्याचा एक. आणि चिंचोका टाकण्याआधी ती गोष्ट कोणाला तरी आपल्या बोलीत सांगायची. नाव कोणाचंच लिहायचं नाही.

सातवीची मुलं पहिलीच्या मुलांना शोधत फिरू लागली, कारण एका गोष्टीला दोन चिंचोके! ती मुलगीही परत आली. पहिलीची सोपी पुस्तकं तिला जमत होती, पण स्वतःसाठी ती हातात घ्यायला लाज वाटायची. आता ती धाकट्या भावाला वाचून दाखवत होती, त्यात लाज कसली?

दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला बारडोलीकडे निघाले. भावंडांना सांभाळायला तीही गेली. जाताना आम्ही दोन पुस्तकं दिली. होळीला ती परतली, तेव्हा एका पुस्तकाचं वेष्टण बैलाने चघळलेलं होतं, आणि ओढणीच्या गाठीत अकरा खडे होते. पडावावरच्या मुलांना तिने अकरा वेळा वाचून दाखवलं होतं. एका मुलाने हरकत घेतली, "पुस्तकं दोनच, मग चिंचोके अकरा कसे?" बरीच वादावादी झाली. मी मध्ये पडलो नाही. शेवटी मुलांनीच अकरा मान्य केले.

एप्रिलमध्ये मोजदाद केली. 1,000 झाले नाहीत, 812 भरले. मुलं हिरमुसली. पण बरणी रिकामी करू नका, आम्ही इथूनच पुढे मोजणार, असं त्यांनीच सांगितलं. ती मुलगी आता सातवीत गेली आहे. जोडाक्षराला अजून अडते, पण पुस्तक खाली ठेवत नाही.

आता तीन विनंत्या.

गुरुजनहो, 15 ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. पुस्तकं कपाटातून निघतात, फोटो होतो, पुन्हा कुलूप लागतं. पुस्तक फाटलं तर भरपाई कोणी द्यायची, ही तुमची भीती मला कळते. म्हणून सगळं कपाट उघडा असं मी म्हणत नाही. फाटली तरी चालतील अशी वीस पुस्तकं एका पेटीत घालून मुलांच्या हाती द्या. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवू नका.

आईबाबांनो, तुम्हाला वाचता येत नसेल, पण ऐकता येतं. रात्री चुलीपाशी मुलाला म्हणा, आज काय वाचलंस ते आपल्या बोलीत सांग. तुम्ही ऐकलंत की तो चिंचोका तुमचाही.

मंडळीतील बंधुभगिनींनो, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. पुष्कळ घरांत जुने अंक माळ्यावर पडून असतील. ते आम्हाला द्या. आणि जमलं तर आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, एका मुलाच्या शेजारी बसायला.

प्रभू आपल्या लेकरांना आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला आशीर्वाद देवो. आमेन.