सरकारी अनुदान आणि घरातील उतारा



या महोत्सवात शिक्षणावर बोलावे, अशी आम्हांस सूचना होती. तथापि आपल्यापैकी पुष्कळांची बिऱ्हाडे हुबळी-धारवाडात असली तरी जमिनी कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंद या बाजूंस आहेत. म्हणून शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणाऱ्या सरकारी पैशाविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली.

२०१९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने पीएम-किसान योजना सुरू केली. वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांनी. कर्नाटक सरकारने त्यात आपले ४,००० घातले. ती भर २०२३ नंतर बंद पडली. रक्कम मोठी नव्हे, पण पेरणीच्या तोंडावर सावकाराची एक फेरी वाचते. (आम्ही पगारदार, आयकर भरणारे, आम्हांस ती मिळत नाही व ते योग्यच आहे.)

परंतु हा पैसा नांगर पाहून येत नाही, कागदावरील नाव पाहून येतो. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांबरोबर आम्ही एका कचेरीत गेलो होतो. उताऱ्यावर कानडीत नाव ‘हुसेनसाब’, आधार कार्डावर नुसते ‘हुसेन’. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, ही दोन्ही माणसे एकच कशावरून? आजोबांनी विचारले, “मग इतकी वर्षे जमिनीची पट्टी कोण भरतो?” चार खेपा झाल्या, हप्ता अडलेलाच राहिला. या घोळात आम्हां मास्तरांचाही हात आहे. दाखल्याच्या वेळी कानावर पडेल तसे नाव आम्ही रजिस्टरात लिहितो, आणि तेच जन्मभर त्या मुलाच्या मागे लागते.

दुसरी गोष्ट वारशाची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेणाऱ्यास हा लाभ नाही; वारसाने मिळाली असल्यास आहे. मात्र वारसाची नोंद, म्हणजे पौती, झालेली हवी. कित्येक घरांत उतारा अजून वारलेल्या आजोबांच्याच नावे आहे. नोंद केली तर बहिणींचे नाव लागेल, म्हणून ती लांबविणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. समारंभात हे बोलणे शोभत नाही, तरी बोललो.

आता ज्याचा कोठेच कागद नाही तो माणूस. मार्च १९७४ पासून कर्नाटकात कुळवहिवाट कायद्याने संपली. हजारो कुळे मालक झाली, हे त्या कायद्याचे मोठेच उपकार. पण खंडाने जमीन देणे थांबले नाही, तोंडी चालू राहिले. २०२३ च्या दुष्काळात पीक गेले ते कसणाऱ्याचे. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने २,००० रुपयांपर्यंत पहिली मदत दिली, ती मात्र नोंद असलेल्याच्या खात्यावर. आपल्यापैकी ज्यांची जमीन दुसरा कसतो आणि पैसे येथे शहरात येतात, त्यांनी निदान तेवढी रक्कम खंडातून वजा करावी, अशी आमची विनंती आहे. कायदा त्यांस भाग पाडणार नाही.

विश्वस्तांनी दर रविवारी सकाळी दोन तास ही खोली देण्याचे कबूल केले आहे. आम्ही व वरच्या वर्गातील चार मुले अर्ज लिहिण्यास बसू. येताना उतारा, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि वडील वारले असल्यास मृत्यूचा दाखला आणावा. बहिणींनाही बरोबर आणावे.