वस्तादाची वही



कुस्ती मारणाऱ्या पैलवानाची गावातून हलगी लावून मिरवणूक निघते. वस्ताद मात्र तालमीच्या दारात उभा राहतो. आज आम्ही अशाच एका वस्तादाविषयी बोलणार आहोत. ते वस्ताद फुटबॉलचे, आणि त्यांची तालीम अमेरिकेतील चॅपेल हिल येथे, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात. नाव ॲन्सन डोरन्स. योगायोग असा की, त्यांचा जन्म १९५१ साली आपल्या मुंबईत झाला. वडिलांची नोकरी तेलाच्या व्यवसायातली, म्हणून बालपण देशोदेशी गेले.

१९७७ मध्ये ते विद्यापीठात पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. कायद्याचा अभ्यास चालू होता, तो सुटला. मैदान सुटले नाही. १९७९ साली मुलींचा संघही त्यांच्याकडे आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी स्त्रीपुरुष भेद करू नये, असा कायदा तिकडे १९७२ मध्ये झाला होता. त्याने मुलींसाठी मैदानाचे दार किलकिले झाले होते, इतकेच.

ते दार डोरन्स यांनी सताड उघडले. त्यांच्या हाताखाली मुलींनी २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यांतली नऊ तर १९८६ ते १९९४ अशी ओळीने. १९९१ साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा चीनमध्ये झाली. तीत नॉर्वेला २–१ असे हरवून अमेरिका जिंकली, तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते.

हे साधले कशाने? त्यांच्या ध्यानात आले की, मुली सामन्यात जिवाच्या कराराने खेळतात, पण सरावात मैत्रिणीला हरविताना हात आखडतात. मुलीने कुणाला मागे टाकू नये, हे आपण तरी आपल्या घरांत वेगळे कुठे शिकवितो? डोरन्स यांनी उपाय केला तो वहीचा. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवीत. तोच धडा यांनी घेतला. कोण किती धावली, समोरासमोरच्या झुंजीत कोण कितींदा जिंकली, सारे टिपायचे आणि क्रमवारी सर्वांसमोर लावायची. जिंकणे हा मैत्रीचा द्रोह नव्हे, हे त्या फळ्याने मुलींना शिकविले. मिया हॅम ही जगप्रसिद्ध खेळाडू याच तालमीतली.

पण श्रोतेहो, इथेच थांबलो तर आम्ही भाटगिरी केली असे होईल. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. मुलींच्या खाजगी आयुष्याविषयी त्यांच्यासमोर अनुचित बोलणे होई आणि तेही त्यात भाग घेत, अशी तक्रार होती. छळाचा आरोप त्यांनी नाकारला. अखेर २००८ मध्ये दावा तडजोडीने मिटला, आणि अशा बोलण्यात आपण सहभागी होणे अयोग्य होते, अशी लेखी क्षमा त्यांनी मागितली. संघात कोणाला घ्यावे, कोणाला बसवावे, हे ज्याच्या हाती, त्याची थट्टा ही साधी थट्टा राहत नाही. ऐकणारीला उठून जाण्याची सोय नसते. विजेतेपदांनी हा हिशेब फिटत नाही, आणि या हिशेबाने विजेतेपदेही पुसली जात नाहीत. दोन्ही रकमा एकाच वहीत राहतात.

२०१२ नंतर विजेतेपद आले नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर, डोरन्स निवृत्त झाले. त्याच डिसेंबरात दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ पुन्हा राष्ट्रीय विजेता ठरला. वस्ताद गेल्यावरही तालीम घुमत राहावी, यापरते यश कोणते?

आपल्या गावातही आता मुली मैदानावर येत आहेत. त्यांना जिंकायला शिकविणारा वस्ताद आपण जरूर शोधावा. मात्र त्याने मुलींची वही लिहावी, तशी आपण त्याचीही लिहावी, एवढीच आमची विनंती आहे.